उलटी बाजू

लुगडं घ्यायला गेलेली बाई दुकानात काय काय करते? रंग बघते, काठ बघते, किंमत ऐकून "अगंबाई" म्हणते. पण पैसे काढायच्या आधी एक गोष्ट हटकून करते, पदर उलटा करून बघते. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. दुकानदार "अहो बाई, सुलटं बघा की" म्हणत असतो आणि आपण उलटंच बघत असतो. कारण भरतकाम हाताचं की मशीनचं, ते तिथंच कळतं. मशीनचं असेल तर मागे दोऱ्याचं जंजाळ आणि वर चिकटवलेलं पांढरं कापड. गुळेदगुड्डच्या खणाचंही तसंच. सुलट्या बाजूला नक्षी चमकते, तर मागून ती फिकी, मुकी दिसते. म्हणजे बायकांचा असा ठाम विश्वास आहे की वस्तूचं खरं तिच्या मागे असतं.

आमच्या धारवाडकडे मात्र एक काम असं आहे की त्याला उलटी बाजूच नाही. कसुती. इलकलच्या लुगड्याच्या पदरावर, काठाच्या वर, पूर्वी लग्नातल्या काळ्या चंद्रकळेवर भरत असत ती. गोपुर, रथ, पालखी, हत्ती, मोर, तुळशीवृंदावन. कापडावर आधी पेन्सिलीनं काही काढायचं नाही, ठसा उमटवायचा नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि त्या मोजणीवर सुई चालवायची. टाके चारच. नेयगी म्हणजे विणल्यासारखा, कानडीत 'नेयु' म्हणजे विणणं. मेंथी म्हणजे मेथी, फुलीचा टाका, तो जरा जाडजूड. आणि खरे कसुतीचे म्हणावेत ते दोन, गवंती आणि मुर्गी. गवंतीत सुई जाताना एक टाका वर, एक खाली अशी जाते. तोपर्यंत काम अगदी साध्या धावदोऱ्यासारखं दिसतं, तुटक तुटक. मग त्याच वाटेनं परत यायचं आणि रिकाम्या राहिलेल्या जागा भरत यायचं. परत आलं की रेघ पूर्ण होते, आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण होते. मुर्गी तशीच, फक्त पायऱ्या पायऱ्यांनी चढत जाते. नेयगी आणि मेंथीला थोडं का होईना उलटं-सुलटं असतं. गवंतीचं काम मात्र कुठून बघताय ते सांगितल्याशिवाय कळत नाही.

आणि गाठ मारायची नाही. सुरुवातीला नाही, शेवटी नाही. सुरुवातीचं टोक टाक्यांखाली दाबत न्यायचं आणि शेवटचं टोक आधीच्या टाक्यांत लपवायचं. गंमत अशी की 'गवंती' हा शब्द कानडी 'गंटु' म्हणजे गाठ यावरून आला असं सांगतात. नावात गाठ आणि कामात गाठ नाही.

मी लग्न होऊन केलगेरीला आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. तेव्हा हे जवळजवळ वेगळं गाव होतं, पुढे तलाव, पलीकडे शेतं, गोव्याकडे जाणारा रस्ता. आता धारवाड वाढत वाढत आमच्या दारापर्यंत आलं आहे. कर्नाटक कॉलेजात बी. ए. केलेली, तत्त्वज्ञान घेतलेली मुलगी, कसुती कशाशी खातात ते माहीत नव्हतं. सासूबाईंनी शिकवलं. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. त्यांची शिकवायची पद्धत फार सोपी होती. मी केलेलं काम हातात घ्यायच्या, बघायच्याही नाहीत, उलट्या बाजूवरून अंगठा फिरवायच्या. गाठ लागली की "उसव" एवढंच. एका रथाचं चाक मी किती वेळा उसवलं असेल!

एकदा चिडून मी म्हटलं, "आक्का, मागचं कोण बघणार आहे? अंगालाच लागणार ना?"

त्या म्हणाल्या, "अंगाला लागणार म्हणूनच की गं. लोकांस दिसतंय ते लोकांचं, तुला टोचणार ते तुझं."

हे वाक्य त्यांनी काही तत्त्वज्ञान म्हणून सांगितलं नव्हतं. पण पुढे कधीतरी बस्तीत प्रवचनाला बसले असताना माझ्या डोक्यात लख्ख झालं. आपल्या मुनींचं जुनं नाव निर्ग्रंथ. बौद्धांच्या पाली ग्रंथांत जैन साधूंना 'निगंठ' म्हणूनच ओळखलं आहे. निर्ग्रंथ म्हणजे ज्याला गाठ नाही तो. आता आपण बाहेरून बघणारी माणसं, आपल्याला वाटतं, वस्त्र सोडलं की गाठ सुटली. शास्त्र तेवढ्यावर थांबत नाही. परिग्रह दोन तऱ्हांचा सांगितला आहे, बाहेरचा दहा प्रकारचा आणि आतला चौदा प्रकारचा. बाहेरच्या दहांत शेत, घर, सोनं-नाणं, धान्य, कपडा, भांडीकुंडी असं सगळं आलं. ही यादी वाचताना मला माझी माळ्यावरची पितळी भांडी डोळ्यांपुढे येतात, ते सोडा. आतल्या चौदांत मिथ्यात्व, क्रोध, मान, माया, लोभ; शिवाय हसणं, आवड, नावड, शोक, भीती, किळस आणि तीन वेद. बघा म्हणजे, बाहेर सामान दहा तऱ्हांचं आणि आत चौदा तऱ्हांचं. आतली खोली बाहेरच्यापेक्षा भरलेली.

पण 'आत' म्हणजे कुठे, हा प्रश्न मला कॉलेजपासून छळतो. आमचे एक प्राध्यापक वर्गातल्या टेबलाकडे बोट दाखवून विचारायचे, "तुम्हाला टेबल दिसतं का?" आम्ही "हो" म्हणायचो. ते म्हणायचे, "तुम्हाला टेबलाची एक बाजू दिसते. बाकीचं तुम्ही धरून चालता." मग आम्ही मागे जाऊन बघायचो, तर पुढची बाजू दिसेनाशी व्हायची. पुढे स्वयंपाकघरात आल्यावर मला त्याहून मोठी पंचाईत कळली. वस्तू फोडली तरी आतलं दिसत नाही. धारवाडी पेढा घ्या. लाईन बझारला जाऊन आणलेला, वरून पिठीसाखरेत घोळलेला, खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला. उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबानं तो इथं सुरू केला. तो मधोमध तोडला की आपण म्हणतो, "आतून कसा तपकिरी आहे बघ." पण तोडल्याबरोबर ती आतली बाजू बाहेरचीच झाली की! पुन्हा तोडा, पुन्हा दोन नव्या बाहेरच्या बाजू. कितीही तोडा, आत म्हणून हाताला लागतच नाही.

याला लोक कांद्याचा दृष्टांत देतात, पापुद्रे काढत गेलं की शेवटी काही उरत नाही वगैरे. आमच्या घरात कांदा येत नाही. त्यामुळे मला तो दृष्टांत वापरण्याचा अधिकार नाही असं मी समजते. शिवाय जैन बाईला आतल्या गोष्टींची काळजी वेगळ्याच कारणानं असते. वांगं चिरताना, मटार सोलताना, फ्लॉवरचे तुरे सुटे करताना आपण आत बघतो, कारण आत कुणीतरी असू शकतं. आपल्याकडे मद्य, मांस, मध यांच्या बरोबरीनं पाच उदुंबरांचा त्याग सांगितला आहे, वड, पिंपळ, उंबर वगैरे. लहानपणी मला वाटायचं, एवढी गोड लालबुंद उंबरं, का बरं खायची नाहीत? तलावाकडे फिरायला जाताना वाटेवर एक उंबर आहे, त्याखाली नुसता सडा असतो. एकदा त्यातलं एक उचलून उघडून बघितलं तर आतून बारीक बारीक चिलटासारखे जीव भुर्र उडाले. नंतर वाचलं की उंबराला फूल येत नाही असं जे आपण म्हणतो ते चूक. फुलं येतात, पण फळासारखं जे दिसतं त्याच्या आतल्या भिंतीवर येतात, शेकड्यांनी. एवढासा कीटक वरच्या भोकातून आत शिरतो, परागकण पोचवतो, अंडी घालतो, त्याची पिल्लं तिथंच वाढतात. म्हणजे झाडानं आपलं फूल आतल्या बाजूला उलटवून ठेवलेलं असतं. ज्यांनी उंबर सोडायला सांगितलं त्यांनी ते उघडून बघितलं होतं एवढं नक्की.

वस्तूंच्या आत-बाहेरचा शेवट कुठे होतो, याचंही उत्तर आपल्याकडे आहे, आणि ते मला फार आवडतं. कुंदकुंदाचार्यांनी नियमसारात परमाणूचं वर्णन केलं आहे. त्याचा आरंभ तोच, मध्य तोच, शेवटही तोच. म्हणजे त्याला आत नाही, बाहेर नाही. तोडायला जागा नाही. आत-बाहेर असतं ते स्कंधाला, म्हणजे परमाणू एकत्र येऊन बनलेल्या वस्तूंना, पेढ्याला, टेबलाला, उंबराला, आपल्या शरीराला. जोडलेल्या गोष्टीलाच आत असतं. कसुतीतला एकटा टाका घेतला तर त्याला तरी कुठे उलटं-सुलटं असतं?

इथपर्यंत सगळं डोक्याचं झालं. तीन वर्षांपूर्वी आक्कांचं विसरणं सुरू झालं, तेव्हापासून हा प्रश्न घरात राहायला आला.

आधी चष्मा विसरणं, मग दूध गॅसवर विसरणं, मग शेजारणीचं नाव, मग माझ्या मुलीचं. आता त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला लावला आणि तो पडद्यावर लावून आम्हाला दाखवला. अक्रोडाच्या गरासारख्या घड्या, आणि घड्यांमध्ये काळी जागा वाढलेली. "आत असं झालंय," डॉक्टर म्हणाले. भले गृहस्थ होते, समजावून सांगत होते. पण माझ्या मनात आलं, हा तर पेढा तोडल्यासारखंच झालं. आक्कांच्या आत काय चाललं आहे ते बघायला आम्ही गेलो आणि आम्हाला मिळाली आणखी एक बाहेरची बाजू, काळी-पांढरी.

नातेवाईक भेटायला येतात. येतात ते चांगल्या मनानं येतात, पण त्यांच्यासमोरच बोलतात. "दिसायला अगदी तशाच आहेत हो. आतलं माणूस मात्र गेलं." मला हे वाक्य सहन होत नाही. रागापेक्षा त्यातलं गणित मला पटत नाही. आतलं माणूस गेलं हे तुम्ही कशावरून बघितलं?

आपलं तत्त्वार्थसूत्र यावर एक वेगळीच गोष्ट सांगतं. जगात सगळीकडे डोळ्यांनी दिसतं त्याला प्रत्यक्ष म्हणतात. उमास्वामींनी इंद्रियांनी आणि मनानं होणाऱ्या ज्ञानाला परोक्ष म्हटलं, कारण ते मध्ये साधन घालून होतं, सरळ होत नाही. (नंतरच्या आचार्यांनी व्यवहारापुरतं त्यालाही प्रत्यक्ष म्हणायची सवलत दिली, नाहीतर आपल्याला रोजचं बोलणं कठीण झालं असतं.) आणि दुसऱ्याच्या मनातलं सरळ जाणणं, मनःपर्ययज्ञान, हे तर ऋद्धिधारी मुनींनाच होतं. गृहस्थाला नाही. सुनेला तर नाहीच. तेव्हा आक्कांच्या आत काय उरलं आहे याबद्दल मी आणि भेटायला येणारी मंडळी सारखेच परोक्षात आहोत. ज्ञान नष्ट होत नाही, त्यावर आवरण येतं असं शास्त्र सांगतं. दिव्यावर भांडं पालथं घातलं तर खोलीत अंधार होतो, दिवा विझत नाही. मी हे मानते. पण रात्री दोन वाजता आक्का दार वाजवून "मला माझ्या घरी सोडा" म्हणतात, तेव्हा भांड्याखालचा दिवा आठवून काही धीर येतो असं नाही, हेही सांगायला हवं.

णमोकार अजून अख्खा येतो. मुलीचं नाव येत नाही, पण पाचही पदं येतात, स्वर चढवून-उतरवून. मागच्या पावसाळ्यात मी त्यांच्या हातात कापडाचा तुकडा आणि सुई दिली. बोटं लगेच चालू लागली. धागे मोजायला त्यांना डोळे लागले नाहीत. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली, ओळ सरळ. टोकाला पोचल्या आणि थांबल्या. परत यायचं असतं हे त्यांना आठवेना. मी म्हटलं, "आक्का, आता मागं फिरायचं." त्यांनी माझ्याकडे बघितलं, कापडाकडे बघितलं, आणि नवी ओळ सुरू केली. अशा सात-आठ ओळी झाल्या. सगळ्या अर्ध्या. पुढून बघितलं तर जिथं टाका नाही तिथं मागून टाका आहे, आणि मागून जिथं नाही तिथं पुढून आहे. मुलगी म्हणाली, हे फ्रेम करून घेते. मी नको म्हटलं. कारण तिला सांगितलं नाही. काचेत बसवलं की एक बाजू कायमची भिंतीला लागणार.

आता मूळ अडचण सांगते. आक्का लग्न होऊन या घरी आल्या तेव्हापासून सूर्यास्तानंतर जेवल्या नाहीत. साठ वर्षांच्या वर झाली. तापात नाही, बाळंतपणात नाही, प्रवासात नाही. मार्गशीर्षात इकडे सहाच्या सुमारालाच दिवस मावळतो, तरी त्यांचं ताट साडेपाचला पुसलेलं असायचं. त्यांचं पाहून मीही तसंच पाळत आले. आणि आता, अंधार पडला की त्यांचा गोंधळ वाढतो. डॉक्टर म्हणाले, या आजारात संध्याकाळचं असं होतं. साडेपाचला जेवलेलं त्यांच्या लक्षात राहत नाही. रात्री नऊ वाजता त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहतात आणि म्हणतात, "वाढ गं मला. सकाळपासून पोटात काही नाही."

पहिल्या दिवशी समजूत काढली. दुसऱ्या दिवशी दिवा मालवून "आता झोपा" म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्या रडल्या. लहान मूल रडतं तशा. आणि म्हणाल्या, "या घरात मला जेवायला घालत नाहीत." चौथ्या दिवशी मी दूध गरम करून दिलं.

वन्संना कळलं. त्या हुबळीला असतात, आईवर त्यांचा जीव. फोनवर आधी काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "वहिनी, आईला कळत नाही हे खरं. पण तुम्हाला तर कळतंय की." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आपल्याकडे दोष करण्याचा असतो, करवण्याचा असतो आणि करणाऱ्याला बरं म्हणण्याचाही असतो. कृत, कारित, अनुमोदित. आक्कांनी केलं नाही असं धरलं तरी करवलं मी. पुढे त्या म्हणाल्या, "आईनं साठ वर्षं जे पाळलं, ते आता ती पाळू शकत नाही. मग ते कुणी पाळायचं? आपणच ना तिच्यासाठी?"

या वाक्यावर मी बरेच दिवस घालवले. म्हणजे व्रत माणसाच्या आत असतं की बाहेर? माझं मन सांगत होतं, आत. व्रत म्हणजे जाणून सोडणं. ज्याला रात्र कळत नाही त्यानं रात्री खाल्लं तर त्यानं काय मोडलं? हिंसेची व्याख्यासुद्धा प्रमत्तयोगावर उभी आहे, नुसत्या घडलेल्या गोष्टीवर नाही. आणि आपल्याकडे शिवभूती मुनींची गोष्ट आहेच. कुंदकुंदाचार्यांनी भावपाहुडात त्यांचं नाव घेतलं आहे. गुरूंनी शिकवलेलं त्यांच्या लक्षात राहीना. एक बाई उडदाची डाळ धुऊन सालं वेगळी करत बसली होती, ती बघून त्यांना अर्थ उलगडला. तुष वेगळं, माष वेगळं, साल निराळं, डाळ निराळी. तेवढंच घोकत गेले आणि केवलज्ञान झालं. पाठांतर शून्य! मला त्या गोष्टीत नेहमी त्या बाईचं कौतुक वाटतं. डाळ धूत बसलेली आणि काय घडलं याचा पत्ताही नाही. मी इडलीला उडीद भिजवते तेव्हा एखादे दिवशी तिची आठवण येते.

पण वन्संच्या बाजूनंही शास्त्र आहे. भगवती आराधनेत शिवार्यांनी तांदळाचा दृष्टांत दिला आहे. भाताचं वरचं टरफल असेपर्यंत तांदळावरचा आतला कोंडा काढता येत नाही. म्हणजे बाहेरचं आधी सुटलं पाहिजे, मगच आतलं साफ होतं. बाहेरचं म्हणजे काही फालतू नव्हे. अळणावरकडच्या भाताच्या खाचरांत कधी बघितलं असेल तर ठाऊक असेल, पेरायचं तर टरफलासकट पेरतात, सडलेला तांदूळ मातीत घातला तर उगवत नाही. आमच्या आक्कांच्या आतलं जे काही होतं ते या साडेपाचच्या ताटानंच तर धरून ठेवलं होतं. साठ वर्षं रोज दिवस मावळायच्या आत ताट पुसणं, हे बाहेरचं म्हणून बाजूला काढलं तर आत असं निराळं काय ठेवलेलं होतं?

पूज्यपादांच्या समाधितंत्रात शरीराला वस्त्राची उपमा आहे. जाड कपडा नेसला म्हणून कुणी स्वतःला जाड समजत नाही, कपडा जुना झाला म्हणून स्वतःला जुना समजत नाही, फाटला म्हणून आपणच फाटलो असं म्हणत नाही. तसंच शहाण्यानं शरीराबद्दल समजावं. किती सोपं आणि किती बरोबर. पण विसरणं हे शरीराचं की आपलं? लुगडं विरत गेलं हे कळतं. नेसणारीलाच लुगडं कुठलं ते कळेनासं झालं तर? ग्रंथात याचं उत्तर नसेल असं नाही, ज्ञानावरणीय कर्म वगैरे मी वर सांगितलंच. पण माझ्यासमोर नऊ वाजता उभ्या असतात त्या आक्का, आणि त्यांना भूक लागलेली असते. भूक खरी की आठवणीची, तेही मला परोक्षच.

चातुर्मासात गावात माताजी होत्या. मी आणि वन्सं दोघी मिळून गेलो. मी सगळं सांगितलं, वन्संनी त्यांचं सांगितलं. माताजींनी एकच विचारलं, "रात्र आहे हे त्यांना कळतं का?" आम्ही दोघींनीही नाही म्हटलं. मग त्या म्हणाल्या, त्याग जाणून होतो आणि जाणूनच मोडतो. आजाऱ्याला रडवून पाळलेला नियम कुणाच्या नावावर जमा होत नाही. पण घरात रांधू नका रात्री, विस्तव करू नका, दिवसा करून ठेवलेलं काय देता येईल ते बघा. आणि आधी दिवसाचं जेवण वाढवा, त्यांना मावळायच्या तोंडावर पुन्हा एकदा बसवा. बायकांनी बायकांना सांगावं तसं सांगितलं त्यांनी. वन्सं उठताना काही बोलल्या नाहीत. समाधान झालं नव्हतं, ते मला पाठीवरून कळत होतं.

आम्ही तसं करून बघितलं. आता साडेपाचला एक ताट आणि दिवस मावळता मावळता दुसरं, थोडंसं, ताकभात नाहीतर लाह्यांचं पीठ. उन्हाळ्यात बरं असतं, सातपर्यंत उजेड असतो. हिवाळ्यात दोन जेवणांत अर्ध्या तासाचं अंतर राहतं, ते काही उपयोगाचं नाही. काही रात्री त्या उठत नाहीत. काही रात्री उठतात. उठल्या तर दिवसा तापवून थर्मासमध्ये भरून ठेवलेलं दूध असतं. देताना मी मनात म्हणते, कारित माझं. हे खात्यावर कसं चढतं ते मला कळत नाही, पण नाव माझं लावावं.

गेल्या पौषात वन्सं आठ दिवस राहायला आल्या होत्या. मी मुद्दामच त्यांच्या खोलीत आक्कांचं अंथरूण घातलं. तिसऱ्या की चौथ्या रात्री साडेनऊला मला स्वयंपाकघरात आवाज आला. मी उठले नाही, पडल्या पडल्या ऐकत होते. आक्कांचं नेहमीचं, "सकाळपासून पोटात काही नाही." मग बराच वेळ काहीच नाही. मग वन्संचा आवाज, "आई, रात्र झाली गं." आक्का म्हणाल्या, "झाली का? मग तू कशी जागी अजून, बाळा?" लेकीचं नाव आठवलं नव्हतं, पण लेक आहे हे कुठून तरी लागलं होतं.

पुन्हा शांतता. आणि मग थर्मासचं झाकण फिरवल्याचा आवाज आला. सकाळी पेला विसळून पालथा घातलेला होता. वन्संनी त्याबद्दल काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नाश्त्याला बसलो तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं की थर्मासमधलं दूध इतक्या वेळात नासत कसं नाही. मी म्हटलं, वेलदोडा घालत नाही, साखरही घालत नाही, नुसतं खळखळून उकळून गरम गरम भरते.